उल्हासनगरचं घड्याळ

चहा गाळताना बकुळेला ते दिसलं. भीमरावांनी कपासाठी हात पुढे केला, मनगट खिडकीतल्या उजेडात आलं आणि घड्याळाच्या काचेखाली, आतल्या बाजूनं, वाफ धरलेली दिसली. फार नाही, करंगळीच्या नखाएवढी. पण आतून. बाहेरून असती तर तिनं पदरानं पुसली असती आणि विसरून गेली असती. हातातलं गाळणं कलंडलं, चहा बशीत, बशीतून ओट्यावर. "अगं, लक्ष कुठाय तुझं?" म्हणत भीमराव स्वतःच फडकं घेऊन ओटा पुसायला लागले, तेही घड्याळाच्या हातानं. नुकतेच नदीवरून आले होते. केस ओले, कानामागं वाळू, आणि अंगाला तो गार पाण्याचा, जरासा शेवाळाचा वास. इतक्या वर्षांत तिला तो नदीचा वास वाटेनासाच झाला होता, नवऱ्याचाच वाटायचा. त्यांना वाफ दिसली नव्हती. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नसत, काटे कुठं कलले आहेत त्यावरून ते वेळ ओळखायचे. आज नाही दिसली, उद्या दिसेल. मग घड्याळ उल्हासनगरला दुरुस्तीला जाईल, तिथला घड्याळवाला मागचं झाकण उघडेल, आणि बकुळेचं सगळं बिंग बाहेर पडेल. मेले मी, ती मनात म्हणाली, आणि उरलेला चहा गाळला.

बिंग काय, तर एवढंच. भीमरावांना ते घड्याळ डुप्लिकेट वाटत होतं, पण होतं ते खरंखुरं. अस्सल स्वित्झर्लंडचं, मस्कतच्या मोठ्या दुकानातून घेतलेलं, त्यांच्या मुलानं, जनूनं, बापासाठी पाठवलेलं. जनूचं नाव या घरात निघत नव्हतं. त्याच्याकडून आलेला रुमालसुद्धा भीमरावांना चालला नसता, मग घड्याळ कुठलं चालायला! मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा मस्कतहून सुट्टीवर आला होता. दुपारी भीमराव झोपलेले बघून तो हळूच आत आला आणि मोज्यात गुंडाळलेलं ते त्यानं तिच्या हातात ठेवलं. "मावशी, जनूदादानं दिलंय, बाबांसाठी. पण त्याचं नाव सांगू नका म्हणाला." "महाग आहे का रे?" "किंमत नका विचारू मावशी, झोप नाही लागायची तुम्हाला." आता आली का पंचाईत! परत पाठवलं तर लेकाचं काळीज तुटणार, खरं सांगितलं तर बाप ते नदीत भिरकावणार. आणि तेवढ्यात आतून भीमरावांचा आवाज आला, "कोण आलंय गं?" बकुळेच्या जिभेवर जे आलं ते वीस वर्षांच्या सवयीनं आलं. बदलापूरला, सोनिवलीच्या रस्त्यावर हा फ्लॅट घेण्याआधी त्यांचं बिऱ्हाड उल्हासनगरच्या चाळीत होतं, कॅम्प चारमधे. तिथं परदेशी अत्तरं मागच्या गल्लीत भरली जायची आणि अमेरिकन जीन्स समोरच्या माळ्यावर शिवल्या जायच्या. चकाकणारी कुठलीही वस्तू हातात आली की तिथलं माणूस आधी हसतं आणि मग विचारतं, कितीला मारली? तेव्हा ती म्हणाली, "कुणी नाही हो. काल उल्हासनगरला गेले होते ना, तिथनं घड्याळ आणलंय तुम्हाला. डुप्लिकेट आहे."

तिला वाटलं, ते बघतील आणि कपाटात टाकतील. पण झालं भलतंच. भीमराव अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर होते, जन्म लेथवर गेलेला. त्यांनी ते घड्याळ चष्मा लावून पाहिलं, बोटावर तोललं, पट्ट्याच्या कड्या एकेक करून वाकवून बघितल्या, कानाला लावलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटलं ते बकुळेनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "वा रे पठ्ठे!" ते म्हणाले. "काय फिनिशिंग आहे बघ. म्हणे डुप्लिकेट! अगं, आपल्या उल्हासनगरनं स्वित्झर्लंडच्या थोबाडीत मारली." काचेखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की दोनशे मीटरपर्यंत पाण्यात चालेल. ते वाचून तर ते पोट धरून हसले. "खोटं लिहायलासुद्धा जिगर लागते. बघूया, यांची जिगर किती खोल आहे ते." आणि दुसऱ्या दिवशी घड्याळासकट नदीत उतरले. डुप्लिकेटच तर आहे, बिघडलं तर बिघडलं. खरं आहे म्हणून कळलं असतं तर हा माणूस ते घालून आंघोळीलासुद्धा बसला नसता! घड्याळ बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या महिन्यात नाही. भीमराव भेटेल त्याच्यापुढं मनगट धरू लागले. नदीवरच्या त्यांच्या जोडीदारानं, शंकररावांनी, चेव येऊन उल्हासनगरहून तसलंच एक आणलं, ते घालून बुडी मारली, आणि वर आले तेव्हा त्यांचा सेकंदकाटा सुटा होऊन काचेत तरंगत होता. "वहिनी, खरं सांगा, तुम्ही कुठल्या दुकानातनं घेतलंत?" शंकरराव भेटले की विचारायचे. बकुळा कधी म्हणायची गोल मैदानाजवळून, कधी म्हणायची फुटपाथवरून. खोटं बोलायची सवय नसलेल्या बाईचं खोटं दर वेळी वेगळं निघतं.

पण त्या कौतुकाचं तिला सुख होतं, ते कसं नाकारायचं? जनूनं दिलेली वस्तू बाप रोज हातात घालत होता, तिची तारीफ करत होता. 'काय बनवलंय लेकानं!' असं म्हणायचे ते, कुणा अनोळखी सिंधी कारागिराला उद्देशून, आणि भाकरी थापता थापता बकुळेचे डोळे भरून यायचे. बापलेकाचं नाही तर नाही, निदान बापाचं आणि घड्याळाचं तरी पटतंय, एवढ्यावर ती दिवस काढत होती.

तशी ती स्वतः घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. पण नवऱ्याचं पोहणं बघत राहावं असंच होतं. लग्न झालं तेव्हा पहिल्यांदा तिनं त्यांना सासरच्या नदीत पाहिलं, मुरबाडकडच्या पळसोंडे गावी. पळसोंड्याच्या विहिरीवर चढायची आपल्या लोकांना बंदी. गावची पोरं विहिरीत उड्या मारायची आणि लहानगा भीमा लांब उभा राहून नुसता पाण्याचा आवाज ऐकायचा. मग तो खालच्या डोहात, म्हशी बसायच्या तिथं, म्हशीचं शेपूट धरून आपला आपण पोहायला शिकला. आणि काय शिकला! बकुळेनं पुढं जलतरण तलावातली शिकलेली माणसंही पाहिली, नुसती पाणी उडवतात. भीमराव पाण्यात शिरले की पाण्याला कळायचं नाही. पुढचा हात जायचा, मागचा निघायचा, आणि मधे काहीच घाई नसायची. जमिनीवर हा माणूस कारखान्यातल्या साहेबापुढं खांदे पाडून उभा राहिलेला तिनं पाहिला होता, रेशनच्या रांगेत मागं ढकललेला पाहिला होता. पाण्यात मात्र तो कुणाचं काही लागत नव्हता. उल्हासनगरच्या त्या चाळीतून तो रविवारी पोरांची पलटण घेऊन नदीवर यायचा. सिंधी दुकानदारांची पोरं, आगऱ्यांची पोरं, आपली पोरं, सगळ्यांच्या पाठीला रिकामा कॅन बांधून पाण्यात सोडायचा. त्या सगळ्यांत तयार निघाला जनू. बापलेक जोडीनं पैलतीराला जायचे तेव्हा लांबून एकच माणूस पोहतोय असं वाटायचं, आणि काठावर कपडे सांभाळत बसलेल्या बकुळेला वाटायचं, बास, आता देवानं काही दिलं नाही तरी चालेल. देव मानायचा नाही हे ठरलेलं होतं, पण वाटायचं.

आणि मग जनू एका संध्याकाळी घरी आला, बूट न काढताच बसला आणि म्हणाला, "बाबा, मी आडनाव बदललंय. रोकडेचं पळसोंडकर केलंय." भीमराव जेवत होते. घास तसाच राहिला. "का? बापाच्या नावाची लाज वाटली?" "लाज नाही बाबा. पण मी रोकडे म्हटलं की समोरचा एक क्षण थांबतो. मग हसतो, हात मिळवतो, सगळं करतो. पण आधी थांबतो. तो क्षण मला नको झालाय." "म्हणून ज्या गावानं तुझ्या बापाला विहिरीला हात लावू दिला नाही, त्या गावाचं नाव लावलंस?" भीमराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हात धुऊन उठले आणि त्या दिवसानंतर लेकाशी बोलले नाहीत. तो मस्कतला जायला निघाला तेव्हाही नाही. बकुळेला दोघांचंही पटत होतं, हीच तिची शिक्षा होती. बापाचं म्हणणं ऐकलं की वाटायचं, खरं आहे, याच नावानं तर आपण ताठ उभं राहायला शिकलो. आणि मग डोळ्यांपुढं जनू यायचा, कुणापुढं तरी नाव सांगून तो एक क्षण वाट बघणारा, आणि त्याचंही खरं वाटायचं. महिन्यातून एकदा ती भाजीला म्हणून बाहेर पडायची आणि औषधाच्या दुकानातल्या फोन बूथवरून मस्कतला त्याच्या ऑफिसात फोन लावायची. तिकडचा माणूस विचारायचा, किससे बात करनी है? ती म्हणायची, पळसोंडकर से. दर वेळी वाटायचं, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला बोलावतेय.

तर ती वाफ. दुपारी भीमराव आडवे झाल्यावर बकुळा उल्हासनगरला गेली. टेकचंद घड्याळवाला तिच्या जुन्या चाळीसमोरचा, ओळखीचा. एका डोळ्याला भिंग लावून बसलेला. तिनं घड्याळ नेलं नव्हतंच, नुसता प्रश्न नेला होता. "भाऊ, भारी घड्याळ असलं, खरं, तर ते घालून पोहलं तर चालतं का?" "किसका है?" "शेजाऱ्यांचं." "सबका पडोसीका ही होता है, माई," टेकचंद म्हणाला आणि भिंग काढून ठेवलं. "असली असेल तर चालतं. पण कसं आहे, त्याच्या आत रबराची रिंग असते, ती पाण्याला अडवते. ती रिंग सुकते. साबण लागला, गरम पाणी लागलं, जल्दी सुकते. मधूनमधून बदलावी लागते. दोनशे मीटर लिहिलंय ते नव्या घडीचं. लिहिलेलं पुसत नाही, रिंग म्हातारी होते." "नवीनच आहे. सात-आठ महिन्यांचं." "मग चावी बघा. या घडीची चावी पेचाची असते, फिरवून घट्ट बसवायची. ढिली राहिली तर समझो दरवाजा खुला." "पण रोज चावी दिल्यावर—" "रोज?" टेकचंद हसला. "माई, ही घडी हात हलला की आपोआप चालते. रोज चावी कोण देतं हिला?"

कोण देतं ते बकुळेला ठाऊक होतं. भीमरावांच्या हातावर आयुष्यभर चावीचं घड्याळ होतं, नोकरी लागली तेव्हाचं. ते पोहताना कपड्यांत ठेवायचे आणि बाहेर आल्यावर अंग पुसायच्याही आधी त्याला चावी द्यायचे. हातातली वस्तू चालत राहायची तर तिला रोज काहीतरी द्यावं लागतं, असा त्यांचा हिशेब. हे नवं आल्यावरही तेच. नदीतून वर यायचं, ओल्या बोटांनी चावीचा पेच सोडायचा, पुरेशी फिरवायची, आणि मग हलकेच दाबून द्यायची, कारण डुप्लिकेट आहे, जास्त आवळली तर पेच झिजेल. प्रेमानंच बुडवत होते म्हणायचे! "आणि आत वाफ धरली असली तर?" "जल्दी उघडायला पाहिजे. नाहीतर गंज. घेऊन या." "मालकाला न कळता होईल?" टेकचंदनं तिच्याकडे पाहिलं. "मालक समोर बसला तर कसं होईल, माई? आतली मशीन कोणीपण ओळखेल." आणि भीमराव समोर बसल्याशिवाय राहणार नव्हते. कुठलंही यंत्र कुणी उघडलं की तिथून त्यांना हलवणं मुश्कील. म्हणजे सांगितलं तरी गेलं, नाही सांगितलं तरी गेलं. घरी परतताना तिला एकच वाटत होतं, की घड्याळ बिघडलं तरी चालेल, पण ते जेव्हा 'काय बनवलंय लेकानं' म्हणतात, ते थांबायला नको.

दुसऱ्या सकाळी ती त्यांच्याबरोबर नदीवर निघाली. "आज तू कुठं?" त्यांनी विचारलं. "सहज." थंडीचे दिवस होते, पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडे भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली. काठावर पोचल्यावर सांगायचं असं तिनं रस्ताभर घोकलं होतं. पण भीमरावांनी सदरा काढून तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे बघून जुन्यासारखे हसले, तेव्हा तिला तोंड उघडवलं नाही. ते आत गेले. साठी उलटलेला माणूस, छातीवरचे केस पांढरे झालेले, पण पाण्यात तोच. तेच बिनघाईचे हात. मधेच बुडी मारली आणि बराच वेळ वर आले नाहीत. इतक्या वर्षांत हजारदा पाहिलेलं, तरी बकुळेनं श्वास धरला. मग पार पलीकडे डोकं निघालं आणि तिला मनापासून वाटलं, किती देखणा आहे हा माणूस. या वयात हे वाटायला नको, पण वाटलं. ते परत आले, दगडावर चढले, आणि कोपरातून पाणी निथळत असतानाच त्यांचा हात चावीकडे गेला.

"थांबा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायांनी वर पाहिलं. "चावी देऊ नका. तिच्यातूनच पाणी शिरतंय आत." "शिरलं तर शिरलं. डुप्लिकेटच—" "नाहीये डुप्लिकेट." "म्हणजे?" "खरं आहे ते. उल्हासनगरचं नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी." भीमरावांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मग कुठलं?" तिनं सदरा छातीशी घट्ट धरला. "जनूनं पाठवलंय. तुमच्यासाठी. फेकायचं असेल तर आधी मला ढकला नदीत."

भीमरावांनी ओला अंगठा घड्याळाच्या काचेवरून फिरवला. मग जे बोलले ते ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे आपल्या लोकांनी नाही बनवलं हे," ते म्हणाले, आणि चेहरा असा उतरला की जणू उल्हासनगरनंच त्यांना फसवलं. त्यांनी सदरा घेतला, अंगात घातला आणि चालू लागले. ती मागून. फेकलं नव्हतं, एवढं खरं. घड्याळाचा हात अंगापासून जरा लांब धरून चालत होते, काठोकाठ भरलेलं पातेलं नेतात तसा. घरी आल्यावर त्यांनी ते काढलं, खिडकीतल्या उन्हात फडक्यावर ठेवलं, आणि समोर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. बकुळा आत-बाहेर करत राहिली. भांडी घासलेली पुन्हा घासली. "टेकचंद म्हणतो, लवकर उघडायला हवं," ती शेवटी म्हणाली. "नेऊ का मी?" "नाही. कारखान्याचा नियम आहे, ज्यानं मशीन पाठवलं त्याला विचारल्याशिवाय खोलायचं नसतं." उन्ह खिडकीतून सरकलं तसं त्यांनी फडकंही सरकवलं. चार वाजता उठले, धुतलेला सदरा घातला, केस नीट विंचरले. "चल," म्हणाले. "कुठं?" "तू भाजीला म्हणून जातेस तिथंच."

औषधाच्या दुकानात फोनवर बसणारी उमा बकुळेला बघून म्हणाली, "काकू, नेहमीचाच नंबर?" आणि मागं भीमरावांना पाहून जीभ चावली. भीमरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काचेच्या त्या खोक्यात दोघं कशीबशी मावली. नंबर बकुळेनं फिरवला, पण रिसीव्हर त्यांनी घेतला. लाईन इतकी मोठ्यानं बोलत होती की तिला सगळं ऐकू येत होतं. "हां जी, किससे बात करनी है?" "जनूसे." "कौन जनू?" भीमरावांनी छाती भरून श्वास घेतला. "जनू रोकडे." तिकडे कागद चाळल्याचा आवाज. "इस नाम का यहाँ कोई नहीं है, साहब." बकुळेनं डोळे मिटले. झालं. आता हे रिसीव्हर ठेवतील. ठेवायला हरकतही नव्हती. मी माझ्या नावानं बोलावलं, माझ्या नावाचा तिथं कुणी नाही, विषय संपला, असं म्हणायला मोकळे होते ते. मान खाली न घालता घरी जाता आलं असतं. बाहेर उमा त्यांच्याकडे पाहत होती. भीमरावांनी भिंतीला हात टेकला. कपाळावर घाम होता, थंडीच्या दिवसांत.

"पळसोंडकर," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "जनू पळसोंडकर. मेरा लडका है."

मग नुसती खरखर. कुणीतरी चालत गेलं, कुणीतरी पळत आलं. बकुळेनं त्यांचा सदरा मुठीत धरला होता. पलीकडून "आई?" असं आलं आणि भीमराव म्हणाले, "आई नाही, मी आहे." तिकडे खुर्ची सरकली. भीमराव घाईनं म्हणाले, "काही झालेलं नाही. आई बरी आहे, इथंच आहे. ते तुझं घड्याळ, ते पाण्यात चालतं का रे?" आणि आता पलीकडून एवढं भराभर बोलणं सुरू झालं की बकुळेला शब्द लागेनात, नुसता लेकाचा आवाज येत राहिला, मधेच ओला होणारा. भीमराव हं हं करत होते. "हो, रोज. बुडीसुद्धा. वाफ धरलीय जराशी. चावीतून. हो, पेच सोडायचा नाही, कळलं. कसा? उलटा दाबून मग सुलटा? किती आवळायचा?" ते ऐकत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पुसायचं भान नव्हतं. बकुळा त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं लेथवर पेच कापून ज्याचं आयुष्य गेलं तो हा माणूस रिसीव्हर तोंडाशी धरून लेकाला सांगत होता, "असं फोनवर नाही रे कळत मला. तू ये आणि बसवून दे."